एकशेचाळीसपैकी अठ्ठावीस

मुक्ताबाईंना एकशेचाळीसपैकी अठ्ठावीस गुण पडले आणि ते मीच दिले. आज त्याचा मला राग येतो. त्या दिवशी आला नव्हता, कारण त्या दिवशी मी उन्हावरच वैतागले होते.

काम असं होतं. सात देशांतली माणसं जिवाला ताण पडला की आपल्या भावनांचं काय करतात, ते मोजायचं होतं. रडतात, बोलतात, लिहून काढतात की गिळून टाकतात? सातही देशांत प्रश्न तेच, अठ्ठावीस. प्रत्येकाला उत्तरं पाच: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. ‘कधीच नाही’ला एक गुण आणि ‘नेहमी’ला पाच. पुण्याच्या एका संस्थेकडे आपल्याकडचा वाटा आला होता आणि त्यातला बारामती-इंदापूरचा तुकडा माझ्या पदरात पडला. मी बारामतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. वय बेचाळीस, एकटी राहते, स्कूटर आहे. संस्थेला आणखी काय हवं होतं?

प्रश्नांचं मराठी कुणी केलं होतं देव जाणे. ‘मी माझ्या भावनांना वाट करून देण्याची स्वतःला मोकळीक देते.’ हे वाक्य उसाच्या बांधावर उभं राहून एकदा मोठ्यानं वाचून बघा. ऐकणाऱ्याच्या आधी वाचणाऱ्यालाच लाज वाटते. बरोबर सूचनांची पुस्तिका होती. उत्तर सुचवू नये. मान डोलावू नये. स्पर्श करू नये. माणूस रडू लागल्यास थांबावे व वेळ नोंदवावी.

पुण्यात प्रशिक्षणाच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तो फॉर्म स्वतःसाठीही भरला. मला एकशे एकोणीस पडले. शिकवणारे विराज सर म्हणाले, वा, स्वरूपा मॅडम, तुम्ही तर आदर्श आहात! मी लाजले वगैरे. माझी आई एकवीस सालच्या एप्रिलमध्ये गेली आणि तेव्हापासून मी एकदाही रडलेले नाही, हे त्या फॉर्ममध्ये कुठं विचारलेलंच नव्हतं.

सणसरला मी मार्चमध्ये पहिल्यांदा गेले. कालव्याच्या कडेला वस्ती, दहाबारा घरं, चहूकडे ऊस. वळणावर मी हॉर्न वाजवला तर एका अंगणातून आवाज आला, “या की, वाट चुकलाय का?” त्या मुक्ताबाई. पंचावन्नच्या आतबाहेरच्या, उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. समोर सुपात भुईमुगाच्या शेंगा होत्या आणि त्या एका हातानं फोडत होत्या. दोन खोल्या, पत्र्याचा गोठा, त्यात एक म्हैस. एवढ्या स्वच्छ अंगणात दुसऱ्या माणसाची एकही चप्पल नव्हती.

मी कागद काढला. सुरुवातीला विचारायचं होतं की गेल्या काही वर्षांतला तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा ताण कोणता.

“मालक भिगवणला मासळी आणाय गेल्यालं,” त्या म्हणाल्या, “ते आलंच न्हाईत.”

“कधी गेले?”

“आठ वर्सं झाली की.” आणि फोडलेल्या शेंगेतले दाणे माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, “खावा.”

पुस्तिकेप्रमाणे मी मान डोलावली नाही. दाणे मात्र खाल्ले. मग एकेक प्रश्न वाचत गेले.

मनात काय चाललं आहे ते मी शोधून पाहते. “कधीच न्हाय. येळ कुणाला हाय?” माझ्या भावना मी जवळच्या व्यक्तीला सांगते. “कुणाला सांगू? म्हशीला?” आणि खो खो हसल्या. दुःख झाल्यावर मी मोकळेपणाने रडते.

इथं त्या थांबल्या. “एकटीच?”

“हो, एकटं किंवा कसंही.”

“एकटं बसून कोण रडतं, बाई? याड लागल्यावाणी? कधीच न्हाय, लिवा.”

मी लिहिलं. अठ्ठावीस प्रश्न, अठ्ठावीस वेळा कधीच नाही. ताक देऊन त्या मला वळणापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, “तुमचं काम लई चांगलं हाय. माणूस येतं, बसतं.”

पुढची हकिगत शेजारच्या नकोशीनं सांगितली. ती वस्तीवरची, मुक्ताबाईंच्या चुलत दिराची बायको, जिला जगाच्या सगळ्या खबरा तोंडपाठ. मुक्ताबाईंचे यजमान म्हस्कूतात्या. स्वभावानं गरीब, कारखान्याचे सभासद, डोक्यावर कसलं देणं नाही, कुणाशी भांडण नाही. मूलबाळ झालं नाही, पण त्यावरून घरात कधी आवाज चढला नाही. एका रविवारी सकाळी मोटारसायकल घेऊन चिलापी मासे आणायला भिगवणला गेले. संध्याकाळी उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला मोटारसायकल सापडली, चावी तिलाच आणि शेजारी चपला, नीट जोडून ठेवलेल्या. दोन दिवस लोकांनी पाण्यात जाळी टाकली. काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी भिगवण स्टेशनवरचा एक चहावाला म्हणाला की असाच एक माणूस अनवाणी सोलापूरच्या गाडीत चढताना मी पाहिला.

“मंग काय करायचं?” नकोशी म्हणाली. “पाण्यात गेलं म्हणावं तर गाडीत बसल्याती. तिच्या सख्ख्या दिरानं दहावं घालू दिलं न्हाय. म्हनला, भाऊ यील आन् मला जोड्यानं हानील. तवापासनं ही अशीच. संक्रांतीला आमी हळदीकुंकवाला बोलवत न्हाय तिला. न बोलवावं तर वाईट वाटतं, आन् बोलवावं तर बायका कुजबुजत्यात.”

म्हणजे कुंकू लावून बसलेल्या या बाईला ना सवाष्णींत जागा, ना विधवांत. मला वाटलं, हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना असता तर बरं झालं असतं. पण नव्हता आणि मला त्या दिवशी अजून चार घरं करायची होती.

आठवड्यानं विराज सरांचा फोन आला. सभ्य माणूस, आवाज कधी चढत नाही, त्यामुळे त्यांच्यावर चिडणं फार अवघड जातं. “मॅडम, सणसरचा एक फॉर्म आहे, त्यात अठ्ठावीसच्या अठ्ठावीस उत्तरं एकच. असे फॉर्म आपण बाद धरतो. बाई कंटाळून काहीतरी सांगत असणार. दुसऱ्या फेरीतही तसंच आलं तर काढून टाकू.”

दुसरी फेरी म्हणजे महिन्याभरानं त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तरं जुळली तर प्रश्न चांगले. माणसाचं काय झालं, याच्याशी त्या फेरीला कर्तव्य नसतं.

मी गेले तर दाराला कुलूप. नकोशी म्हणाली, “ती भिगवणला गेली की दुखवट्याला. मोहनराव वारलं, आमच्या लांबच्या नात्यातलं. जीपच भरून गेली. कुणाचं बी मरान आसू द्या, जीप आधी मुक्ताबाईच्या दारात हुभी ऱ्हाती. तिच्याबिगर आमच्यात रडनं उठत न्हाय.”

मला वाटलं ती थट्टा करतेय. भिगवणला माझे दोन फॉर्म होतेच, म्हणून मीही गेले. पत्ता विचारायची गरजच पडली नाही. आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे दुखवट्याला जाणाऱ्या बायका एकट्यादुकट्या जात नाहीत आणि दारात हाक मारत नाहीत. डोक्यावर पदर घेऊन मुक्यानं येतात. घरातली बाई त्यांना लांबूनच ओळखते, उठते, आणि उंबऱ्यात गळ्यात गळा पडतो. मग हेल काढून रडायचं, गेलेल्या माणसाचं एकेक आठवून. थोड्या वेळानं कुणीतरी म्हातारी म्हणते, गप बायांनो, पाणी घ्या. तोंडं धुतात, कोरा चहा पितात, पाऊसपाण्याचं बोलतात. जाताना ‘येते’ म्हणायचं नाही. तसल्या घरी पुन्हा येणं नको, म्हणून मुकाट उठून चालू लागायचं.

मुक्ताबाई मोहनरावांच्या सुनेला मिठीत घेऊन रडत होत्या. अठ्ठावीस गुणवाल्या मुक्ताबाई! पोटातून, अंगातून, पायाच्या नखापासून. “आता दारात मोटारसायकल कुणाची वाजंल गं, बया... पिशवीतली मासळी कुणाच्या हातात देतील गं... वाट बघून डोळं गेलं गं माझं...” त्यांच्या आवाजानं इतर बायकांनाही हुंदके फुटत होते. दाराशी पाण्याची कळशी घेऊन उभी असलेली एक मुलगी दुसरीच्या कानात म्हणाली, “आजोबांना कुठं गं मोटारसायकल येत होती?”

मला ते ऐकू आलं. मोहनराव ब्याऐंशीचे होते, दहा वर्षं अंथरुणाला खिळलेले. मुक्ताबाईंनी त्यांना आयुष्यात दोनदा पाहिलेलं. त्या दुसऱ्याच्या उंबऱ्यात स्वतःच्या नवऱ्यासाठी रडत होत्या, आणि हे त्या जीपमधल्या प्रत्येकीला माहीत होतं. आठ वर्षं सगळ्या मिळून त्यांना तेवढी जागा देत होत्या आणि कुणी कधी त्याबद्दल ब्र काढला नव्हता.

परतताना मी त्यांना स्कूटरवर घेतलं. तोंड धुतलेलं, कुंकू नवं लावलेलं. कारखान्याच्या अलीकडे उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी थांबलो. मी विचारलं, “मावशी, घरी का रडत नाही?”

“माज्या दारात कोण येतं रडाय?” त्या म्हणाल्या. “आपल्या दारात कुणीतरी यावं लागतं, बाई. आपलं आपुन सुरू करता येत न्हाय. आन् कुणी आलं, तर मालक मेलं म्हनायचं. त्यापरीस न आलेलं बरं.” रसाचा ग्लास त्यांनी बराच वेळ हातात फिरवला. “पर आठ वर्सं लई झाली. लोकाच्या दारात किती दिस रडू?”

मी मानसशास्त्राची बाई. उठून रसाचे पैसे दिले. त्याच माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, “पुढल्या वक्ताला साडी नेसून या. ह्या ड्रेसात तुमी पोस्टातनं आल्यावाणी दिसता.”

घरी पोचल्यावर त्यांनी फॉर्म भरला. पुन्हा अठ्ठावीस. ‘मोकळेपणाने रडते’पाशी मी थांबले आणि पुस्तिका बाजूला ठेवून म्हणाले, मावशी, आज तर रडलात. “ते माजं न्हवं,” त्या म्हणाल्या, “ते मोहनरावांचं.”

हे सगळं मी विराज सरांना फोनवर सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. ते म्हणाले, “इंटरेस्टिंग आहे. पण मॅडम, ते सामाजिक रडणं झालं. आपण वैयक्तिक भावना मोजतोय.” मी म्हटलं, तुमची पट्टीच चुकली आहे सर, लांबी मोजायच्या पट्टीनं तुम्ही विहीर मोजताय. ते हसले आणि म्हणाले, एकदा शेवटचं जाऊन घ्या, मग ठरवू. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले. दोन माणसांची भांडी असलेलं ते स्वयंपाकघर, आणि चार वर्षांत त्यातली एकाचीच वापरात.

मे महिन्यात मी शेवटची गेले. साडी नेसायला सांगितलं होतं म्हणून कपाट उघडलं. उन्हात अंगावर ठेवता येईल अशी एकच साडी होती, आईची राखी रंगाची सुती. तीच नेसले. सणसरच्या अलीकडे स्कूटर पंक्चर झाली. ती पंक्चरवाल्याकडे टाकली आणि कालव्याच्या कडेनं पायी निघाले. बारा वाजलेले, डोक्यावर ऊन, म्हणून पदर डोक्यावरून घेतला. वाटेत नकोशी भेटली, तीही पदर घेतलेली. घसा इतका सुकला होता की दोघींनाही बोलवेना. मुकाट चालत राहिलो.

आपण कशा दिसतोय, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा वळण मागे पडलं होतं. दर खेपेला वाजणारा हॉर्न वाजला नव्हता. दोन बायका, डोक्यावर पदर, भर दुपारी मुक्यानं चालत येत होत्या.

मुक्ताबाई अंगणात म्हशीला पाणी दाखवत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. हातातली बादली सुटली. त्या उंबऱ्याकडे गेल्या, चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि आम्ही पायरीशी पोचायच्या आत त्यांच्या गळ्यातून जो आवाज निघाला, तो भिगवणला ऐकलेला नव्हता. त्यात शब्द नव्हते.

नकोशीनं माझा हात दाबला. सांग, असं म्हणत होती की नको सांगू, मला आजही माहीत नाही. सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं: मावशी, काही झालेलं नाही, माझी गाडी पंक्चर झाली. पण मुक्ताबाई माझ्या अंगावर कोसळल्या होत्या आणि त्यांच्या त्या ओझ्यानं माझ्या तोंडून भलताच आवाज आला. मी आईच्या साडीत होते. आई गेली तेव्हा हॉस्पिटलनं एक सही घेतली, कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबून दाखवलं, आणि मी घरी आले. दारात कुणी आलं नाही. येऊ शकत नव्हतं. फोनवर हात जोडलेली चित्रं आली. तिसऱ्या दिवशी मी ऑनलाइन तास घेतला. ते सगळं त्या उंबऱ्यात बाहेर पडलं. मी मुक्ताबाईंना धरून रडले, हेल काढता येत नव्हता तरी काढून रडले. किती वेळ, ते नोंदवलं नाही.

शेवटी नकोशीच म्हणाली, “गप आता. पानी घ्या.”

मुक्ताबाईंनी रांजणातलं पाणी घेऊन तोंड धुतलं. कपाळ कोरं झालं. त्यांचं कुंकू माझ्या खांद्यावर, आईच्या साडीवर पुसलं गेलं होतं. त्या खाली बसल्या, पदरानं तोंड टिपलं आणि अगदी शांत आवाजात विचारलं, “कुठं घावलं?”

नकोशी जमिनीकडे बघू लागली. मला सांगावंच लागलं. “कुठंच नाही, मावशी. कुणी सापडलं नाही. माझी गाडी पंक्चर झाली म्हणून चालत आले. चुकलं माझं.”

त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, “मंग तुमी कशापायी रडला?”

“माझी आई गेली.”

“कवा?”

“चार वर्षं झाली.”

“आन् कुणी आलं न्हाय?”

“नाही.”

त्यांनी नुसती मान हलवली, आपल्याच वस्तीतल्या कुणाची खबर ऐकल्यासारखी. उठल्या, चूल पेटवली, चहा टाकला. दूध घालायला गेल्या आणि हात थांबला. तिकडून त्यांनी विचारलं, “कोरा करू का दुधाचा?” उत्तराची वाट न बघता त्यांनी दूध घातलं.

चहा झाल्यावर त्याच म्हणाल्या, “कागद काढा की. त्यापायी आलाय ना?”

मी वाचत गेले. कधीच न्हाय, कधीच न्हाय. तो प्रश्न आला. ‘दुःख झाल्यावर मी मोकळेपणाने रडते.’ मला तो वाचवेना. त्यांनीच ओळखला.

“एकदा,” त्या म्हणाल्या. “एकदा, आसं लिवा.”

पाच उत्तरांत एकदा नव्हतं. मी कागदाच्या समासात लिहिलं, एकदा. माहिती भरताना तो समास कुणी पाहणार नव्हतं, आणि तसंच झालं. फॉर्म बाद झाला.

फॉर्म घडी करून मी उठले. मुक्ताबाई आत गेल्या. पत्र्याच्या फळीवरचा कुंकवाचा करंडा त्यांनी उघडला होता आणि बोट त्यात बुडवून त्या आरशासमोर नुसत्या उभ्या होत्या. मला पाहवेना. मी रीतीप्रमाणे काही न बोलता पायरी उतरले आणि चालू लागले. नकोशी मागेच थांबली.

अंगण ओलांडलं असेल नसेल, तोच मागून हाक आली.

“ओ बाई!”

मी वळले. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, जरा वाकडं लागलेलं.

“तशाच काय निघाला?” त्या ओरडल्या. “येते म्हणा की!”

मला दोनदा प्रयत्न करावा लागला. मग म्हणाले, “येते, मावशी.”

“या,” त्या म्हणाल्या आणि उलटी पडलेली बादली उचलून म्हशीकडे गेल्या.